गोळी सुरू करणारे पुष्कळ, थांबवणारा कुणी नाही

लोणार-मेहकर रस्त्यावरच्या सुलतानपुरात रब्बीच्या दिवसांत झोपेची वेळ माणसाच्या हातात नसते. सोयाबीन निघालं की वावरात हरभरा आणि गहू येतो, आणि शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं पाळीपाळीनं येत आलेली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं आणि पहाटेपर्यंत ओलीत करायचं. त्यात हरभऱ्यावर रोही आणि रानडुकरं उतरतात, म्हणून जागल वेगळी. दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. पण पाळी दिवसाची झाली तरी वर्षानुवर्षं रात्री दोनला उठलेलं शरीर लगेच सुधारत नाही. पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. जागेपणी मग हिशेब सुरू होतो: सोयाबीनचा भाव, सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न.

अशा माणसाला कुणीतरी एक छोटी गोळी देतं. कधी डॉक्टर देतात, कधी मेडिकलवाले, कधी शेजारचे काका आपल्या पाकिटातली अर्धी मोडून देतात. त्या रात्री गाढ झोप लागते, आणि महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसाला त्या झोपेची किंमत किती असते ते त्यालाच ठाऊक. म्हणून या प्रकरणात गोळीला शत्रू ठरवायचं नाही. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, डायझेपॅम, लोराझेपॅम, नायट्राझेपॅम, एटिझोलॅम, झोल्पिडेम ही औषधं योग्य जागी फार उपयोगाची आहेत. अपस्माराचा झटका थांबवायला, दारू सोडताना येणारी थरथर आणि भ्रम आवरायला, शस्त्रक्रियेच्या आधी मन शांत करायला यांच्याशिवाय भागत नाही. घरात अचानक मृत्यू झाला, माणूस चार रात्री झोपलेला नाही, तेव्हा चार दिवसांची गोळी देणं हे माणुसकीचंच काम आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे ही गोळी सुरू करणारे पुष्कळ आहेत, ती थांबवण्याची जबाबदारी घेतलेला मात्र कुणी नाही. या औषधांचे बहुतेक धोके या रिकाम्या जागेतून येतात.

गोळी करते काय? मेंदूत पेशींना ‘आता थांब’ असा निरोप देणारं एक रसायन असतं, गाबा. पेशीवरच्या त्याच्या ग्राहकाला ते चिकटलं की एक बारीक झडप उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. बेन्झोडायझेपीन गटातली औषधं याच ग्राहकावर शेजारच्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. झडप जास्त वेळा उघडते. भीती उतरते, स्नायू सैल होतात, झोप येते, आणि नवी आठवण नोंदवण्याचं कामही मंदावतं. झोल्पिडेमची रासायनिक घडण वेगळी असली तरी तेही त्याच जागी काम करतं.

या औषधांच्या आधी बार्बिट्युरेट्सचा जमाना होता. बार्बिटाल १९०३ साली आलं, फेनोबार्बिटाल १९१२ साली. मोठ्या मात्रेत ती गाबाची वाट न पाहता स्वतःच झडप उघडून ठेवत, आणि श्वास थांबवणारी मात्रा झोप आणणाऱ्या मात्रेपासून फार लांब नसे. पुढे हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी बाजूला पडलेल्या एका संयुगाची १९५७ साली चाचणी करून घेतली. त्यातून क्लोरडायझेपॉक्साइड निघालं आणि १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावानं बाजारात आलं. १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’ म्हणजे डायझेपॅम आलं. भारतात रॅनबॅक्सीनं तेच औषध ‘काम्पोज’ म्हणून विकलं, आणि जुन्या पिढीतली माणसं अजूनही झोपेच्या कोणत्याही गोळीला काम्पोज म्हणतात. बार्बिट्युरेट्सच्या तुलनेत ही औषधं खरोखरच सुरक्षित होती. एकट्यानं घेतलेल्या गोळ्यांनी श्वास सहसा थांबत नसे. ‘सुरक्षित’ हा शिक्का तिथे बसला आणि डॉक्टरांच्या हातून ती सढळपणे लिहिली जाऊ लागली.

पण लिब्रियम बाजारात आल्यावर वर्षभरातच इशारा मिळाला होता. लिओ हॉलिस्टर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. अनेक महिने मोठ्या मात्रेत क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्या ११ रुग्णांचं औषध एकाएकी बंद करण्यात आलं. त्यांतल्या १० जणांना नव्या तक्रारी सुरू झाल्या आणि दोघांना झटके आले. नेहमीच्या मात्रेतही असं होऊ शकतं हे वैद्यकानं मनावर घ्यायला पुढची वीस वर्षं गेली. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं १९८८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नयेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा सगळ्या बेन्झोडायझेपीनांवर छापायला लावला तो २०२० मध्ये. लिब्रियमच्या जन्मानंतर साठ वर्षांनी.

दोन-चार आठवडे हा आकडा मेंदूच्या वागण्यातून आला आहे. बाहेरून रोज शांतता मिळू लागली की मेंदू आपली बाजू सावरतो. गाबाचे ग्राहक दाद देईनासे होतात आणि उत्तेजित करणारी यंत्रणा जोर धरते. मग तीच गोळी घेऊनही झोप पूर्वीसारखी येत नाही आणि एकाची दीड होते. त्या सावरलेल्या मेंदूकडून गोळी अचानक काढून घेतली की उत्तेजनेला धरून ठेवणारं काही उरत नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, अंगावर मुंग्या येतात, झोप पार उडते. काहींना भ्रम होतो आणि काहींना झटका येतो. घरच्यांना वाटतं, ‘बघा, गोळी बंद केली आणि आजार परत आला.’ माणूस गोळीकडे परततो, तासाभरात बरं वाटतं, आणि गोळी आयुष्यभर लागणार अशी खात्री पटते. मुळातली चिंता परतली आहे की औषध सुटल्याचा हा त्रास आहे हे ओळखायची एक साधी खूण आहे. आधी कधीच नव्हत्या त्या तक्रारी, म्हणजे मुंग्या, आवाज न सोसणं, स्नायू उडणं, सुरू झाल्या तर संशय औषध सुटण्यावर घ्यावा.

हा त्रास कधी सुरू होतो तेही औषधावर ठरतं. अल्प्राझोलॅमची रक्तातली पातळी साधारण अकरा-बारा तासांत निम्मी होते, त्यामुळे गोळी चुकल्यावर एक-दोन दिवसांतच तगमग सुरू होते. डायझेपॅम आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य कित्येक दिवस टिकतं, म्हणून त्याचा त्रास आठवड्यानंतरही उमटू शकतो आणि तोवर गोळी बंद केल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. यातून एक प्रसंग वारंवार घडतो आणि तो टाळता येण्यासारखा आहे. आजोबांचं मांडीचं हाड मोडतं, त्यांना संभाजीनगरला किंवा अकोल्याला हलवतात. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या कोणत्या ते मुलगा सांगतो. रात्रीची छोटी गोळी सांगायचं राहतं, कारण ती कुणी औषधात धरतच नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा बरळू लागतात, सलाईन उपटतात, क्वचित झटका येतो, आणि डॉक्टर मेंदूचा स्कॅन करायला धावतात. दवाखान्यात भरती होताना झोपेची गोळी सगळ्यात आधी सांगावी. तसंच पोरगा कामाला पुण्याकडे गेला, बाई दिंडीला निघाली, गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं, तर तिथेही हेच घडू शकतं.

आता या गोळीबरोबर दुसरं काही घेतल्यानं काय होतं ते पाहू. खेड्यात ज्या गोष्टी रोज एकत्र पोटात जातात, त्यांच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

पहिली दारू. दारूही गाबाच्याच यंत्रणेवर काम करते, म्हणून दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो. संध्याकाळी घेतलेली आणि नऊच्या सुमारास संपलेली दारू रात्री अकराच्या गोळीला भेटतेच. झोप खोल होते, श्वास उथळ होतो, उलटी झाली तर ती घशात अडकते. घरचे म्हणतात, घोरतोय, झोपू द्या. हाक मारून, खांदा हलवून जाग येत नसेल तर ती झोप नव्हे, तिथे १०८ला फोन करायचा.

दुसरी जोडी वेदनाशामकांची. कंबर आणि गुडघे धरलेल्या माणसाला ट्रॅमाडॉल दिलं जातं, आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. ही दोन्ही अफूच्या गोत्रातली औषधं श्वास चालवणाऱ्या केंद्राला दाबतात. झोपेची गोळी दुसऱ्या वाटेनं तेच करते. २०१६ मध्ये एफडीएनं या जोडीवर आपला सगळ्यात कडक इशारा लावला. ट्रॅमाडॉलमुळे स्वतंत्रपणेही झटके येऊ शकतात, त्यामुळे झोपेची गोळी अचानक बंद करून ट्रॅमाडॉल चालू ठेवणं हे आणखी वाईट. सायटिकेसाठी किंवा मधुमेहात पायांची आग होते म्हणून मिळणारं प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनही याच ओळीत बसतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाजेसाठीचं सेटिरिझिन ही रोजची औषधंसुद्धा गुंगीत भर घालतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती कुणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत गजकर्ण, नायटा हट्टी झाला आहे. मलमानं जात नाही म्हणून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे चालतात. यकृतातलं जे विकर अल्प्राझोलॅम मोडतं, त्यालाच इट्राकोनॅझोल अडवतं. अल्प्राझोलॅम शरीरात जवळपास अडीच पट साचतं. माणूस तीच अर्धी गोळी घेतो आणि सकाळी दहापर्यंत झोकांड्या खातो. ही दोन औषधं एकत्र देऊच नयेत असं अल्प्राझोलॅमच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, पण चामडीचे डॉक्टर एक, झोपेचे दुसरे, आणि मेडिकल तिसरं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकंही त्याच विकराला अडवतात.

क्षयाच्या औषधांचा परिणाम याच्या उलट. रिफॅम्पिसिन यकृताचा वेग वाढवतं, आणि झोल्पिडेमसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. गोळी ‘लागत नाही’ म्हणून रुग्ण दोन घेतो, तीन घेतो. सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपतो, यकृत काही आठवड्यांत मूळ वेगावर येतं, आणि तीन गोळ्या आता खरोखर तीन गोळ्यांचं काम करतात. झोपेच्या औषधाचा विचार कोर्स सुरू होताना आणि संपताना असा दोनदा व्हायला हवा.

काही वेळा माणसाला आपण अशी गोळी घेतोय हेच माहीत नसतं. पोटदुखी आणि मुरड्यावर क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असलेली गोळी मिळते. लोक तिला गॅसची गोळी म्हणतात. नैराश्यावर एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम एकत्र, धडधडीवर प्रोप्रानोलॉल आणि अल्प्राझोलॅम एकत्र, अशाही गोळ्या आपल्याकडे सर्रास आहेत. एस्सिटालोप्रॅम काही महिने घ्यावं लागतं, त्याचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात. क्लोनाझेपॅम मात्र पहिल्या काही आठवड्यांपुरतं हवं असतं. दोन्ही एकाच गोळीत कोंबली की एकाला थांबवून दुसरं चालू ठेवता येत नाही. माझ्या मते अशा जोडगोळ्या शक्य तिथे टाळाव्यात, सोय होत असली तरीसुद्धा.

वयाचा विचार वेगळा करायला हवा. म्हातारपणी यकृत मंदावतं आणि शरीरातली चरबी वाढते, त्यामुळे डायझेपॅमसारखं औषध तरुणाच्या शरीरात टिकतं त्याच्या कितीतरी पट म्हाताऱ्याच्या शरीरात रेंगाळतं. रात्री लघवीला उठलेली आजी ओट्यावरून उतरताना पडते, ते नुसतं डोळ्यांमुळे नव्हे. गोळीनं तोल जातो आणि स्मरणशक्तीही मंदावते. मग विसरभोळेपणा वयाच्या नावावर लिहिला जातो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायांची फुप्फुसं आधीच कमजोर असतात. दमा म्हणून ओळखला जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार असेल तर रात्रीची गोळी श्वासाला धोका. मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी व्हावी, गोळी नंतर. झोल्पिडेम घेऊन काही माणसं अर्धवट जागेपणी उठतात, चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. यावर एफडीएनं २०१९ मध्ये कडक इशारा दिला. त्याआधी २०१३ मध्येच बायकांसाठी झोल्पिडेमची मात्रा निम्मी, १० ऐवजी ५ मिलिग्रॅम, करायला सांगितली होती, कारण त्यांच्या रक्तात सकाळीही औषध उरत होतं. ज्याला रात्री दोनला विहिरीवर मोटर चालू करायला जायचं आहे, त्यानं दहाला झोपेची गोळी घेऊच नये. अंधार, ओली माती, उघडी वायर आणि विहिरीचा काठ. तिथे अर्धवट जागेपण परवडत नाही.

आता मेडिकलच्या काउंटरकडे येऊ. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. यांतली बहुतेक औषधं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली मनावर परिणाम करणारी द्रव्यं म्हणून नोंदलेली आहेत. त्यांतली अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, नायट्राझेपॅम, झोल्पिडेम ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’मध्येही आहेत. पाकिटावर लाल चौकट हवी. विक्रेत्यानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध, संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. पण गोळ्या पाकिटातून कापून दोन-चार दिल्या की लाल चौकट दुकानातच राहते आणि हातात येतो नाव नसलेला तुकडा. ‘भाऊ, ते कालचंच द्या’ म्हटलं की भागतं. विक्रेत्याची अडचणही समजून घ्यावी लागते. समोरचा माणूस ओळखीचा, रात्रभर जागलेला, मानसोपचारतज्ज्ञ मेहकर-चिखली ओलांडून बुलढाण्याला. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. हे खरं असलं तरी नाव नसलेल्या तुकड्याचं समर्थन होत नाही.

हीच गोळी शहरात दुसऱ्या रूपात भेटते. मालेगावात अल्प्राझोलॅमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, संभाजीनगरात नायट्राझेपॅमसारख्या गोळ्यांना ‘बटन’. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांचे छापे आणि जप्त साठे यांच्या बातम्या तिथे गेली काही वर्षं सतत येत आहेत. तरुण मुलं एकदम चार-सहा गोळ्या घेतात. भीती बसवून ठेवणारं मेंदूतलं बंधन सुटतं, हात उगारला जातो, आणि दुसऱ्या दिवशी आपण काय केलं ते आठवत नाही. रागीट नशेचं हे रूप पाहून खेड्यातल्या आजीला वाटतं, ती गोळी वेगळी असणार. ती वेगळी नसते. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक डॉक्टरी सल्ल्याशिवाय गुंगीची औषधं घेत असल्याचं दिसलं. संख्येच्या हिशेबानं पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे.

मग वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं करायचं काय? हा भाग वाचून कुणी आज रात्रीच गोळी फेकून देऊ नये. एक-दोन आठवडे घेतलेली गोळी सहसा सहज सुटते. महिनोन्‌महिने घेतलेली मात्र डॉक्टरांच्या देखरेखीत पायरीपायरीनं उतरवावी लागते. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ असं याच कामाचं क्लिनिक चालवलं, आणि त्यांच्या अनुभवाची पुस्तिका आजही जगभर वापरली जाते. लवकर उतरणाऱ्या अल्प्राझोलॅमच्या जागी हळू उतरणारं डायझेपॅम द्यायचं आणि मग ते थोडं थोडं कमी करायचं, अशी त्यांची पद्धत. वयस्करांमध्ये किंवा यकृत दुबळं असताना डायझेपॅम बरं नाही, तिथे आहे तीच गोळी कमी करत नेतात. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक संघटनेच्या पुढाकारानं २०२५ मध्ये आलेली मार्गदर्शिका सांगते, दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून पाहा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नको. म्हणजे काही महिने, कधी वर्ष. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचं. दिवसाआड गोळी घेऊन कमी करायचा मार्ग अल्प्राझोलॅमसारख्या औषधात चुकीचा, कारण मधल्या दिवशी मेंदूला पूर्ण झटका बसतो. पूर्वी झटका आलेला असेल, रोज दारू असेल, गर्भ असेल किंवा मात्रा मोठी असेल तर हे काम घरी करायचं नाही.

उतरवणं जमतं याचा एक पुरावा मला विशेष भावतो, कारण त्यात मोठा दवाखाना नव्हता, होती साधी मेडिकल दुकानं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कारा टॅनेनबाउम आणि सहकाऱ्यांनी औषधदुकानांतून वर्षानुवर्षं बेन्झोडायझेपीन घेणारे वयस्कर शोधले. निम्म्या दुकानांच्या ग्राहकांना एक पुस्तिका पाठवली: ही गोळी काय करते, धोके कोणते, टप्प्याटप्प्यानं कशी कमी करायची. २०१४ साली निकाल आला. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती, न मिळालेल्यांत ५ टक्क्यांची. मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं असं एक पत्रक सुलतानपूरच्या, लोणारच्या, मेहकरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवणं अजिबात अवघड नाही.

गोळीच्या जागी झोपेसाठी काय द्यायचं, याचंही उत्तर आहे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार औषध नव्हे, वागणुकीचा उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये केली. सकाळी उठायची वेळ ठरवायची, रात्र कशीही गेली तरी तीच पाळायची. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचं, पेंग आली की परत जायचं, म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत बसलेली जोडी तुटते. दुपारी लांब झोप नको. चहा दुपारनंतर नको, आणि रात्री खर्रा मुळीच नको, कारण तंबाखूतलं निकोटीन जागं ठेवतं. ज्याची रात्रपाळी सुटत नाही त्यानं ओलिताच्या रात्रीनंतर सकाळी अंधाऱ्या खोलीत ठरावीक वेळ झोपावं आणि तेवढ्या वेळेला घरानंही जपावं. पहिले दोन आठवडे यानं बरं वाटत नाही, उलट थकवा वाढतो. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी गोळीकडे परत जातो.

आणि जागेपणाच्या मुळाशी चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावरच उपचार हवा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली, समुपदेशन केलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पाठवलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं. वऱ्हाडातल्या माणसाला मन मोकळं करायला आवडत नाही ही समजूत यानंतर सोडून द्यायला हवी. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनानं ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. कर्जाच्या जाचाला गोळी हे उत्तर नाही हे त्यात मान्य झालेलं आहे, आणि भावाचा, पाण्याचा, विजेचा प्रश्न सुटल्याशिवाय झोपेचा प्रश्न पुरता सुटणार नाही हेही तितकंच खरं.

पहिली चिठ्ठी लिहिली जाते तिथेच बंद करायची तारीख लिहिली गेली तर पुढचं बरंच टळतं. डॉक्टरांनी ती लिहिली नाही तर रुग्णानं विचारावं, ‘ही किती दिवस घ्यायची, आणि थांबवायची कशी?’ उत्तर चिठ्ठीवरच मागून घ्यावं. जे आधीच वर्षानुवर्षं घेत आहेत त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात सोय असते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तरी हाच क्रमांक, आणि तोवर घरातल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्याव्यात. डॉक्टरकडे जाताना घरातली झाडून सारी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत: गॅसची, कंबरेची, नायट्याची, सर्दीची, वैद्यांनी दिलेलं चूर्ण, आणि नाव कापलं गेलेले ते तुकडेसुद्धा.